भाकर वाचायची, पाव मोडायचा

परवा ईश्वरविज्ञानाच्या वर्गात प्रभुभोजन हा चर्चमधला विधी शिकवत होते. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले आणि 'हे माझे शरीर आहे' या येशूच्या वाक्यातल्या 'आहे'वरून (भाकर खरंच शरीर, की त्याची नुसती खूण?) त्यांचं जे फाटलं ते कायमचं, हा भाग चालला होता. ल्यूथरनं खडूनं मेजावरच ते वाक्य लिहून ठेवलं होतं. हा प्रसंग मी दर वर्षी रंगवून सांगते, कारण दुपारच्या तासाला पोरं पेंगतात आणि नंदुरबारचं ऊन भल्या भल्या सुधारकांना भारी पडतं. मागच्या बाकावर धडगावकडचा एक पावरा आदिवासी मुलगा बसतो. सहसा बोलत नाही. त्यानं हात वर केला.

"मॅडम, ते 'आहे'चं समजलं. पण पाळक वाचतात 'भाकर घेतली', आणि हातात तर पाव असतो. ते कसं काय?"

वर्ग हसला. मीही हसले आणि 'पुढच्या तासाला बोलू' म्हणून वेळ मारून नेली. पुढचा तास झाला, त्यानंतरचेही झाले. उत्तर अजून दिलेलं नाही. म्हणून इथे लिहायला बसले आहे. लांबेल, सवडीनं वाचा.

ज्यांचा चर्चशी संबंध नाही त्या मित्रमैत्रिणींसाठी थोडं सांगते. आमच्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, बऱ्याच ठिकाणी महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असतं. पांढऱ्या कापडाखाली ताटलीत पावाचे बारीक तुकडे, कडा काढलेले, आणि छोट्या पेल्यांत द्राक्षरस. खेड्यात द्राक्षरस म्हणजे मनुका उकळून गाळलेलं पाणी, कुठे कुठे त्यात चमचाभर साखर. पकडला जाण्याच्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवला, त्या जेवणाची ही आठवण. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्या जागी शब्द आहे 'भाकर'. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर'. योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू स्वतःलाच 'जीवनाची भाकर' म्हणतो. भाषांतर करणाऱ्यांनी किती नेमका शब्द धरला होता! आम्ही तो मोठ्यानं वाचतो आणि मेजावर बेकरीतला पाव ठेवतो.

गंमत अशी की 'पाव' हा शब्दच पोर्तुगीज. त्यात पाव खमिराचा, म्हणजे पीठ आंबवून फुगवलेला. येशूचं ते जेवण वल्हांडणाचं होतं, त्या यहुदी सणात आंबवलेलं चालत नाही, म्हणजे त्या रात्री घरात खमीर असण्याचाच प्रश्न नव्हता. (योहानाच्या शुभवर्तमानात तारखेचा हिशेब वेगळा पडतो, तो वाद इथे नको.) मग येशूच्या हातातल्या त्या बेखमीर भाकरीला जास्त जवळचं काय, तालुक्याच्या बेकरीतला पाव की चुलीवरची ज्वारीची भाकर? कॅथलिक बांधवांकडे गव्हाचीच भाकर हवी असा नियम आहे. त्यांच्याकडे निदान नियम तरी आहे. आमच्या सुधारक कॅल्विननं तर लिहून ठेवलंय की भाकर खमिराची असो की बेखमीर, द्राक्षारस तांबडा असो की पांढरा, त्यानं काही अडत नाही. पाच हजारांना जेवू घातलं त्या पाच भाकरी जवाच्या होत्या हे योहान मुद्दाम सांगतो, आणि जव हे त्या मुलखात गरिबाचं धान्य. तेव्हा शास्त्राची कुठलीच अडचण नाही. अडचण दुसरीकडे आहे.

ती कुठे आहे हे मला काही वर्षांपूर्वी शहादा तालुक्यातल्या एका गावात कळलं. तिथे प्रभुभोजनाचा पाव आदल्या दिवशी एसटीनं यायचा. एकदा एसटी आलीच नाही. सकाळी मंडळीच्या पंचांची धावपळ सुरू, कोणीतरी मोटरसायकल काढून पळालं. मी बायकांत बसले होते. सहज म्हटलं, "अहो, समोरच्या घरात तव्यावर भाकर आहे, ती घ्या की." एक वडील अतिशय नम्रपणे म्हणाले, "मॅडम, देवाच्या घरात घरचं कसं आणायचं?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. त्यांनी मनापासून म्हटलं होतं, आदरानं म्हटलं होतं, म्हणूनच जास्त लागलं. आमच्याकडे चपला जशा दाराबाहेर काढतात तसं घरचं सगळं बाहेर काढून ठेवायचं आणि मग उपासनेला बसायचं. भाकर बाहेर, बोली बाहेर, झोका बाहेर, ढोल बाहेर. आत काय न्यायचं? पाव, पुस्तकी मराठी, कीबोर्ड आणि आताशा हिंदी गाणी.

बोलीचं बघा. त्याच गावात एक आजी आहेत. त्या दिवशी पाळकांनी त्यांना म्हटलं, "मावशी, प्रार्थना करा." आजींनी पदर तोंडाला लावला. "माले शुद्ध येत नही." झालं. मग नंदुरबारहून आलेल्या मॅडमना, म्हणजे मला, उठवलं. मी 'हे दयाघन परमेश्वरा, आम्ही तुजपुढे लीन होतो' असं काहीतरी सराईतपणे म्हटलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. दुपारी त्याच आजींच्या ओट्यावर चहा घेत होते. त्यांचा नातू गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, पंधरा दिवस फोन नाही. बोलता बोलता त्यांनी डोळे मिटले आणि वर तोंड करून म्हणाल्या, "देवा, तू शे ना? मंग तेनाकडे देख."

एवढंच. मी प्रार्थनेवर एक अख्खा पेपर शिकवते. स्तोत्रसंहितेतल्या विलापगीतांची रचना फळ्यावर काढून दाखवते: हाक, तक्रार, विनंती. आजींनी ते सगळं एका श्वासात बसवलं. 'तू शे ना?', तू आहेस ना, यात हाकही आहे आणि तक्रारही.

येशू स्वतः अरामी बोलायचा. शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये, पण लिहिणाऱ्यांनाही काही ठिकाणी ती बोली गाळवली नाही. मेलेल्या पोरीचा हात धरून तो म्हणतो, 'तलिथा कूम'. वधस्तंभावर अगदी शेवटी तोंडातून निघतं ते 'एलोई, एलोई'. माणूस मरताना ग्रीकमध्ये ओरडत नाही. आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट तर मला फारच आपली वाटते. त्या रात्री अंगणात शेकोटीपाशी तो 'मी त्याला ओळखत नाही' म्हणतो, तेव्हा आजूबाजूचे म्हणतात, तुझ्या बोलण्यावरूनच कळतं तू कुठला ते. गालीलचे लोक यरुशलेमवाल्यांना गावंढळ वाटायचे. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा माझा 'ळ' तोंडात 'य' व्हायचा. जळगावचं 'जयगाव', केळीची 'केयी'. हॉस्टेलमध्ये वर्षभर त्यावरून हसणं झालं. तेव्हापासून माझी खात्री आहे की पेत्राचाही 'ळ' कुठेतरी 'य' होत असणार.

ग्रियर्सन या भाषाशास्त्रज्ञानं भारतातल्या भाषांची पाहणी केली तेव्हा १९०७ च्या खंडात खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, टाकली ती भिली भाषांच्या बरोबर, मराठीच्या खंडात नाही. भाषाशास्त्र म्हणून त्यावर वाद आहेत, असू देत. पण मंडळीत आजही तेच आहे. शाळेची मराठी वर, अहिराणी खाली, मावची आणि पावरी या आदिवासी बोली त्याच्याही खाली. आता फोनवर अहिराणीत, मावचीत नवा करार सापडतो. तरुण पोरं कौतुकानं लावून ऐकतातही. पुलपिटावर, उपदेशाच्या व्यासपीठावर, मात्र तो चढलेला मी पाहिलेला नाही.

(पुलपिटाचं निघालं म्हणून सांगते. मी वीस वर्षं ईश्वरविज्ञान शिकवते. ज्यांना मी उपदेश कसा करायचा ते शिकवलं ते आज पाळक आहेत. ते मला त्यांच्या मंडळीत आदरानं बोलावतात, 'साक्ष' द्यायला, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायला. 'संदेश', म्हणजे उपदेश, ते स्वतः देतात. या विषयावर वेगळी पोस्ट होईल, रक्तदाब तपासून.)

भाषा बाहेर ठेवली की अर्थही बाहेर राहतो. आमचा सगळ्यात मोठा शब्द 'तारण', म्हणजे पापातून सुटका. खानदेशातल्या शेतकऱ्याला तारण म्हटलं की आठवते सोसायटी, बँक, बायकोची पोत गहाण. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो असं आहे. ज्या काळात हा शब्द घातला तेव्हा तो ठीक असेल. आज खंडणी म्हटलं की पेपरातली गुन्हेगारीची बातमी डोळ्यापुढे येते. पोरं परीक्षेत व्याख्या बिनचूक लिहितात आणि गावात जाऊन तेच शब्द बोलतात, समोरचे माना डोलावतात. मग एकदा साक्रीकडच्या एका विद्यार्थ्यानं सराव-उपदेशात कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय घेतला. तिथे प्रेषित पौल म्हणतो की आपल्याविरुद्धचा ऋणाचा कागद देवानं खिळ्यानं वधस्तंभाला ठोकून टाकला. पोरगा म्हणाला, "भाऊ, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. तलाठ्याकडे चकरा नाहीत, पैसे नाहीत. कोणीतरी भरून गेला आणि तुमच्या हातात कोरा उतारा दिला." मी मागे बसून गुण देत होते. मूळ ग्रीक शब्द आहे तो हातानं लिहून दिलेल्या कर्जाच्या कागदाचाच. माझ्या टिपणांत तो शब्द होता, सातबारा नव्हता.

आता कोणी म्हणेल, हे सगळं नारायण वामन टिळकांनी केव्हाच सांगितलंय. बरोबर. टिळकांनी अभंग आणला, कीर्तन आणलं, ख्रिस्ताला मराठी मातीत बसवलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानायचे. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, ते छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. या दोघांपुढे मी कोण? पण वर्गात टिळक शिकवताना एक गोष्ट खटकत राहते. तो पूल नगर-पुणे-साताऱ्याकडचा आहे. ज्याच्या घरी तुकाराम कधी आलाच नाही, त्या अक्राणीच्या, धडगावकडच्या पोरानं कोणत्या पुलावरून यायचं? आम्ही त्याला सांगतो, आधी मराठी हो, मग अभंग शीक, मग तुझी उपासना 'देशी' होईल. इंग्रजी चालींची गाणी काढून आम्ही अभंग दिले आणि देशीकरण झालं म्हणून सुटलो. त्याच्या ढोलाचं काय, ते कोणी विचारलंच नाही.

ढोलाचं उत्तर सोपं नाही, हेही कबूल करते. अक्कलकुव्याकडे काठी गावाची होळी असते, लांबून लांबून लोक येतात. ख्रिस्ती झालेला पोरगा त्या रात्री नाचायला गेला तर मंडळीत कुजबुज, नाही गेला तर पाड्यात कुजबुज, 'तू आता आमचा नाहीस'. नंदुरबार जिल्ह्यात जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. कायद्यानं जमातीचा दाखला धर्मावर ठरत नाही. (१९५० च्या आदेशात धर्माची अट आहे ती अनुसूचित जातींना, आणि दलित ख्रिस्ती आजही त्या अटीबाहेर आहेत, तो वेगळा आणि जुना अन्याय.) पण दाखला असला तरी शेजारी रोज दाखला मागतच असतो. आता तर ख्रिस्ती आदिवासींना यादीतून काढा अशी मागणी उघड होते. अशा वेळी मंडळीनं पोराला 'नाचू नको' म्हणणं हा नुसता पावित्र्याचा प्रश्न उरत नाही. त्याच्या पायाखालची जमीन आपणच काढून देतोय का, हा आहे.

आमच्या घरी हे भांडण आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं होतं. खानदेशात आखाजी म्हणजे काय हे खानदेशी माणसाला सांगायला नको. लेकी माहेरी येतात, निंबाला झोका, खापरावरची पुरणपोळी, रस, आणि पुरुषमंडळी पत्ते कुटायला मोकळी. त्याच दिवशी पितरांची घागर भरतात, गौराईची गाणी म्हणतात. माझे आजोबा मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतलेले. पंचांचा ठराव होता की झोका बांधायचा नाही, कारण गाणी गौराईची. माझी आई पाळकांपुढे कधी एक शब्द बोलली नाही. ती झोका आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बांधायची! 'आज कोठे आखाजी शे?' असं म्हणायची आणि आम्हाला वर बसवायची. पुरणपोळी मात्र आखाजीच्याच दिवशी, कारण पोटाला ठराव लागू नव्हता.

पुढे मी करिंथकरांस पहिलं पत्र शिकले आणि कळलं, आई पौलाच्या पुष्कळ जवळ होती. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की नाही, यावर पौल सरसकट हो किंवा नाही म्हणत नाही. बाजारात मिळतं ते विचारपूस न करता खा. कोणी जेवायला बोलावलं, जा. पण शेजारच्या कच्च्या माणसाचं मन मोडत असेल तर थांब. आणि देवळातल्या पंगतीला मात्र बसू नको. माणसागणिक, ताटागणिक वेगळं उत्तर. आमच्या पंचांना यादी हवी असते: हे चालेल, हे चालणार नाही. यादी केली की विचार करायला नको.

मी स्वतः घागर भरत नाही. माझे मेलेले देवाच्या हाती आहेत, त्यांना माझ्याकडून पाण्याची गरज नाही, असा माझा विश्वास आहे. पण एक बोचणी आहे. शेजारची वहिनी घागरीवर डांगर (खरबूज) ठेवून सासूचं नाव घेते, वर्षातून एकदा मोठ्यानं घेते. आम्ही सुधारणेच्या नादात मेलेल्यांसाठीच्या सगळ्या प्रार्थना काढून टाकल्या, त्यामागची कारणं मी वर्गात दोन तास सांगू शकते. पण त्या जागी काय ठेवलं? वार्षिक अहवालात दोन ओळी. आईचं नाव घ्यायला मला दिवस नाही. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी झोका बांधते, फ्लॅटच्या गॅलरीत, तोच काय तो.

मिशनरींना शिव्या घालून हा विषय संपवणारे मित्र आहेत माझे. मला ते जमत नाही. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन १८९० साली शिकागोत निघालं आणि पुढे त्यांची, स्वीडिश मिशनची माणसं या भागात आली. त्यांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, भिली बोली शिकले. 'शुद्ध'चा हट्ट त्यांच्यापेक्षा आमचाच जास्त होता, आणि त्याला कारण होतं. माझे वडील सांगायचे, तालुक्याच्या कचेरीत आजोबा उभे राहिले की कारकून अरेतुरे करायचा. एकदा आजोबांनी खिशातून नवा करार काढला आणि खणखणीत 'आम्हांस', 'तुम्हांस' करत वाचायला लागले. कारकून म्हणे उठून उभा राहिला. गोष्टीत मीठमसाला असेल. पण 'शुद्ध' मराठी ही त्या पिढीची शिडी होती. माझ्या तोंडून आज 'शुद्ध सोडा' निघतं, ते त्या शिडीवरून वर आल्यावर. आणि खरं सांगायचं तर उत्तरपत्रिकेत 'फय' दिसलं की माझा लाल पेन अजूनही आपोआप फिरतो.

तर मागच्या रविवारी पुन्हा त्या गावी गेले होते. पाव आला होता, एसटी वेळेवर होती. उपासनेनंतर आजींच्या ओट्यावर बसले. नातू परत आलाय, आता शिरपूरला कामाला आहे. मी त्यांना माझं सगळं म्हणणं सांगितलं, धडगावच्या पोराचा प्रश्न, वल्हांडण, बेखमीर, तुमच्या हातची भाकर प्रभूच्या मेजावर असायला हवी वगैरे. मनात होतं, आजींना किती बरं वाटेल.

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नको माय. रोज मीच भाकरी थापस. महिनामा एकदाव तरी दुसराना हातनं खाऊ दे."

चहा झाला. मी पाच वाजताची गाडी पकडली. उद्या पहिला तास त्याच वर्गावर आहे.